सावली पडते, पण गारवा येत नाही: सावलीच्या कापडाचे समस्या निवारण

लक्षणे

उन्हाळ्याच्या तोंडावर खिडकीवर, पत्र्यावर किंवा मोकळ्या जागेवर चांगल्या प्रतीचे सावलीचे कापड ताणले जाते, डोळ्यांवरचा प्रखर उजेड कमी झाल्यामुळे पहिल्या दिवशी बरे वाटते आणि आठवडाभरात तक्रार सुरू होते. ही तक्रार पुढीलपैकी एका किंवा अनेक रूपांत येते.

– भर दुपारी खोलीत अंधार असतो, पण उकाडा कापड लावण्यापूर्वी होता तेवढाच राहतो.
– कापडाखाली उभे राहिले की डोक्याला आणि खांद्यांना धग लागते. वारा असला तरी ती जात नाही.
– सकाळ सुसह्य जाते आणि दुपारी तीननंतर सगळे बिघडते.
– दिवसा बरे असते, पण रात्री छत आणि भिंती तापलेल्या तव्यासारखी उष्णता सोडत राहतात.
– पहिल्या उन्हाळ्यात फरक पडला होता, दुसऱ्या-तिसऱ्या उन्हाळ्यात तो नाहीसा झाला.
– कापड लावल्यापासून एसी आधीपेक्षा जास्त वेळ चालतो.
– कापड फडफडते, मध्ये झोळ पडतो, कडेची शिवण उसवते.

आपल्याकडे यांपैकी कोणते लक्षण आहे आणि ते दिवसाच्या कोणत्या वेळी दिसते, हे आधी वहीत लिहून ठेवावे, कारण पुढच्या बहुतेक तपासण्या या वेळेवरूनच उलगडतात. हा दोष मी अनेक इमारतींवर पुन्हा पुन्हा दुरुस्त केला आहे आणि बहुतेक ठिकाणी कापड वाईट नव्हते. ते चुकीच्या जागी, चुकीच्या बाजूने किंवा हवेला वाट न ठेवता लावलेले होते. म्हणून नवे कापड मागवण्याचा विचार सर्वांत शेवटी करावा.

अडवलेली उष्णता जाते कुठे?

तपासणीला लागण्यापूर्वी एक गोष्ट समजून घेणे आवश्यक आहे. कापडावर पडलेल्या उन्हाचे तीनच मार्ग असतात: काही ऊन परत फेकले जाते, काही आरपार येते आणि उरलेले कापडातच मुरते. या तिन्हींची बेरीज नेहमी शंभर टक्के असते. विक्रीच्या वेळी सांगितला जाणारा ‘९० टक्के सावली’ हा आकडा फक्त किती प्रकाश आरपार येत नाही एवढेच सांगतो. अडलेल्या नव्वदांपैकी किती परत गेले आणि किती कापडात मुरले, याबद्दल तो काहीही सांगत नाही. काळ्या जाळीत त्यातला बहुतेक भाग मुरतो. त्यात सूर्याची जवळपास अर्धी ऊर्जा डोळ्यांना न दिसणाऱ्या अवरक्त किरणांत असते, त्यामुळे खोली काळोखी झाली म्हणजे उष्णताही तेवढीच अडली, हा अंदाज चुकतो.

मुरलेली उष्णता नाहीशी होत नाही. निरभ्र दुपारी एका चौरस मीटरवर साधारण १००० वॅट ऊन पडते. त्यात तापून ६० अंश सेल्सिअसला पोहोचलेले साधे गडद कापड खालच्या ३० अंशांच्या पृष्ठभागाकडे दर चौरस मीटरला सुमारे १८० वॅट उष्णता नुसत्या किरणांच्या रूपाने पाठवते. डोक्याला लागते ती धग हीच. प्रत्येक तपासणीत स्वतःला एकच प्रश्न विचारावा: या कापडाने अडवलेली उष्णता बाहेर जाते आहे की आत?

पहिली तपासणी: ऊन नेमके कुठून येते ते दिवसभर पाहणे

याला काहीच खर्च नाही आणि तरीही बहुतेक जण हे टाळतात. सकाळपासून दर दोन तासांनी उन्हाची कड जमिनीवर किंवा भिंतीवर खडूने आखावी आणि शेजारी वेळ लिहावी. डोक्यावर आडवे ताणलेले कापड माथ्यावरचे ऊन अडवते. तिरपे ऊन त्याच्या खालून आत शिरते. सूर्य क्षितिजापासून ४५ अंशांवर असताना तीन मीटर उंचीवरच्या कापडाची सावली तीन मीटर बाजूला सरकलेली असते आणि सूर्य ३० अंशांवर उतरला की ती पाच मीटरांहून अधिक सरकते. म्हणजे दुपारी चारला ज्या जागेला सावली हवी, तिची सावली भलतीकडेच पडत असते.

दुपारी तीननंतर बिघाड होत असेल, तर बहुधा हेच कारण सापडते. पश्चिमेच्या खिडकीवर आणखी एक आडवे कापड वाढवून उपयोग होत नाही. तिथे उभा, खालपर्यंत येणारा पडदा लागतो. कित्येकदा आहे तेच कापड एका कडेने खाली उतरवून बांधल्यावर तक्रार मिटते.

दुसरी तपासणी: योग्य जागी तापमान मोजणे

एक साधा तापमापक कापडाखाली आणि दुसरा बाहेर, ऊन न लागणाऱ्या हवेशीर जागी ठेवावा आणि दोन्हींची नोंद एकाच वेळी करावी. उन्हात ठेवलेला तापमापक हवेचे नव्हे, तर स्वतःच्या तापलेल्या शरीराचे तापमान सांगतो. दोन्ही आकडे जवळपास सारखे आले, तर कापड आपले काम करत आहे असे समजावे, कारण साधी सावली हवा गार करत नाही. ती फक्त उन्हाची भर घालू देत नाही. बाहेरची हवाच ४० अंशांची असेल, तर त्याहून कमी तापमानासाठी बाष्पीभवन, वातानुकूलन किंवा रात्रीचा साठवलेला गारवा लागतो. ही मर्यादा सुरुवातीलाच मान्य केली, तर कापड बदलण्याचा खर्च वाचतो.

हवेचे आकडे सारखे असूनही धग लागत असेल, तर कापडाच्या खालच्या बाजूचे तापमान मोजावे. इन्फ्रारेड थर्मामीटर (न टेकवता, पृष्ठभागाच्या अवरक्त किरणांवरून तापमान सांगणारा) यासाठी सोयीचा आहे, पण तो चकचकीत पृष्ठभागावर साफ फसतो. अ‍ॅल्युमिनियमच्या थराचे कापड त्याला आरशासारखे दिसते आणि तो समोरच्या जमिनीचे किंवा आपलेच तापमान दाखवतो. एकदा ३४ अंश दाखवणाऱ्या अशा कापडाला मी हात लावला आणि चटका बसून लगेच मागे घेतला. त्यानंतर मी कापडावर काळ्या इन्सुलेशन टेपचा तीन बोटे रुंद तुकडा चिकटवतो, पाच मिनिटे थांबतो आणि नेम त्या टेपवरच धरतो. विरळ जाळीच्या बाबतीत उपकरण भोकांतून दिसणारे आकाशही मोजते, म्हणून तिथेही टेप लावावी.

तिसरी तपासणी: कापडाची कोणती बाजू उन्हाकडे आहे?

दोन वेगळ्या बाजूंचे कापड उलटे लावलेले असणे ही चूक फार मोठ्या प्रमाणावर आढळते आणि ती सुधारायला अर्धा तास पुरतो. खिडकीच्या आतल्या पडद्याची पांढरी किंवा धातूच्या थराची बाजू काचेकडे असली पाहिजे. ती परत फेकत असलेले ऊन अजून प्रकाशाच्याच रूपात असते, त्यामुळे ते आले तसे काचेतून बाहेर पडू शकते. गडद बाजू काचेकडे असेल, तर ऊन तिथेच उष्णतेत बदलते आणि ती उष्णता काच थेट बाहेर जाऊ देत नाही.

छतावर ताणायच्या कापडाचा हिशेब थोडा वेगळा आहे आणि तो मला स्वतःला उशिरा उमगला. चकचकीत अ‍ॅल्युमिनियम ऊन चांगले परतवते, पण जी उष्णता त्यात मुरते ती किरणांच्या रूपाने सोडण्यात ते अतिशय कंजूष असते. वरच्या बाजूला हा अवगुण ठरतो, कारण तिथून उष्णता आकाशाकडे जायला हवी असते. खालच्या बाजूला मात्र तोच गुण ठरतो, कारण खालच्या माणसांवर धग पडत नाही. म्हणून एक बाजू पांढरी आणि दुसरी चकचकीत असलेले कापड छतावर लावताना पांढरी बाजू वर आणि चकचकीत बाजू खाली ठेवावी. उत्पादकाने स्पष्टपणे वेगळी सूचना दिली असेल, तर ती पाळावी, कारण काही कापडांत ऊन सहन करणारा लेप एकाच बाजूला असतो.

चौथी तपासणी: धूळ आणि वय

पहिल्या वर्षीचा गारवा दुसऱ्या वर्षी गेला असेल, तर प्रथम कापड धुवावे. पांढऱ्या कापडावर बसलेली धूळ आणि काजळी त्याला हळूहळू गडद कापड बनवते. चकचकीत थरावर बसलेली धूळ त्याचे दोन्ही गुण घालवते. एक कोपरा ओल्या फडक्याने पुसून बाकीच्या कापडाशी पडताळून पाहावा. रंगातला फरक लांबून दिसत असेल, तर संपूर्ण कापड धुणे आवश्यक आहे. सौम्य साबणाचे पाणी, मऊ ब्रश आणि भरपूर स्वच्छ पाणी एवढे पुरते. धातूच्या थरावर ब्रश घासू नये आणि लेप असलेल्या कापडावर जोरदार दाबाचे पाणी मारू नये, कारण त्याने लेप सुटतो.

धुऊन झाल्यावर धागा तपासावा. कडेचा पट्टीसारखा धागा दोन बोटांत चोळला असता पांढरट भुकटी निघाली किंवा दुमडल्यावर तो कडकन तुटला, तर अतिनील किरणांनी प्लॅस्टिक झिजवले आहे आणि त्याला आणखी ताण देणे धोक्याचे आहे. शिवणीचा दोरा वेगळा पाहावा. कापड शाबूत असताना आधी शिवण जाते, हे मी पुन्हा पुन्हा पाहिले आहे. अशा वेळी कापड न टाकता उन्हात टिकणाऱ्या दोऱ्याने कड पुन्हा शिवून घेतली की ते आणखी काही उन्हाळे काम देते.

पाचवी तपासणी: कापड आणि तापणारा पृष्ठभाग यांमधली फट

माझ्या हाताखालून गेलेल्या तक्रारींत सर्वाधिक वेळा हाच दोष सापडला. पत्र्याच्या एका शेडवर ९० टक्के सावलीची काळी जाळी थेट पत्र्यावर अंथरून दगडांनी दाबलेली होती. आत काम करणारी माणसे म्हणत होती की जाळी आल्यापासून उकाडा वाढला, आणि त्यांचे म्हणणे खरे होते. आधी पत्रा निदान काही ऊन परत फेकत होता आणि त्यावरून वारा वाहत होता. आता काळी जाळी ऊन शोषून ते थेट पत्र्याला देत होती आणि वाऱ्यालाही अडवत होती. आम्ही तीच जाळी चौकटीवर सुमारे ४५ सेंटिमीटर वर उचलली, एक कड दुसरीपेक्षा उंच ठेवली आणि दोन्ही कडा मोकळ्या सोडल्या. तापलेली हवा उंच कडेकडून निघून जाऊ लागली आणि दुपारी त्याच पत्र्याला खालून हात लावून ठेवता येऊ लागला.

छतावर निदान ३० सेंटिमीटर फट असावी, कारण फार अरुंद जागेत हवा नीट वाहत नाही. फट किती आहे यापेक्षा ती दोन्ही टोकांना उघडी आहे का हे अधिक महत्त्वाचे आहे. चारही बाजूंनी खाली ओढून बांधलेले कापड तंबूसारखे गरम हवा धरून ठेवते. याच कारणाने भरीव ताडपत्रीखाली पुष्कळदा जास्त गुदमरते आणि तिच्यापेक्षा कमी सावली देणारी विणलेली जाळी सुसह्य वाटते. जाळीच्या भोकांतून गरम हवा वर जाते. बाहेरच्या खिडकीवर लावलेल्या कापडालाही काचेपासून हातभर जागा आणि वर मोकळी कड हवी.

एसी जास्त चालू लागला असेल, तर त्याचा बाहेरचा भाग कापडाने वेढला गेला आहे का ते पाहावे. त्यावर सावली असायला हरकत नाही, पण त्याने फेकलेली गरम हवा कापडाला धडकून पुन्हा त्यातच शिरत असेल, तर यंत्र उगाच राबते. त्याच्या समोरचे आणि बाजूचे कापड काढून टाकावे.

सहावी तपासणी: रात्री कापड गुंडाळणे

काँक्रीटचा स्लॅब दिवसाची उष्णता काही तासांनी आत सोडतो, म्हणून रात्रीच्या उकाड्याचे मूळ दुपारच्या उन्हात असते. कापड सकाळी ऊन चढण्यापूर्वी पसरलेले असावे. स्लॅब तापल्यानंतर सावली देऊन त्या दिवशी फारसा लाभ होत नाही. सूर्यास्तानंतर मात्र तेच कापड स्लॅब आणि मोकळे आकाश यांच्यामध्ये येऊन उष्णता सुटू देत नाही. गुंडाळता येणारे कापड असेल, तर रात्री ते उघडून आठवडाभर फरक नोंदवावा.

सातवी तपासणी: पडदा काचेच्या आत आहे की बाहेर?

साधी एकपदरी काच उन्हाच्या ऊर्जेचा ८० टक्क्यांहून अधिक भाग आत सोडते. आतला पडदा ती ऊर्जा घरात आल्यानंतर अडवतो, बाहेरचे कापड येण्याआधी. अमेरिकेच्या ऊर्जा विभागाने दिलेल्या आकड्यांनुसार खिडकीबाहेरची कापडी छत्री उन्हाळ्यात दक्षिणेच्या खिडकीतून येणारी सौर उष्णता ६५ टक्क्यांपर्यंत आणि पश्चिमेच्या खिडकीतून येणारी ७७ टक्क्यांपर्यंत कमी करू शकते. हे आकडे उत्तर गोलार्धातले आहेत. दक्षिण गोलार्धात दक्षिणेच्या जागी उत्तर धरावी. वरील सर्व तपासण्यांनंतरही खिडकीजवळ धग राहत असेल, तर कापड बाहेर नेणे हा एकच बदल महागड्या आतल्या पडद्यापेक्षा जास्त उपयोगी पडतो. बाहेर नेणे शक्यच नसेल, तर काचेकडे पांढरी बाजू असलेला, घट्ट विणीचा पडदा निवडावा.

आठवी तपासणी: कापड खरोखर बदलायचे असेल तर

इथवर येऊनही प्रश्न कायम असेल, तरच कापडाचा विचार करावा. उत्पादकाकडून केवळ सावलीची टक्केवारी न घेता सौर परावर्तन (परत फेकलेले ऊन), सौर पारगमन (आरपार आलेले) आणि सौर शोषण (मुरलेले) असे तिन्ही आकडे मागावेत. विणीच्या मोकळेपणाचा, म्हणजे कापडातल्या भोकांच्या वाट्याचा, आकडाही विचारावा: १ टक्का मोकळेपणाचे कापड चकाकी जास्त अडवते, १० टक्क्यांचे कापड बाहेरचे दृश्य आणि वारा जास्त येऊ देते. दोन्ही गोष्टी एकाच कापडात पूर्णपणे मिळत नाहीत.

पॉलिएथिलीनची विणलेली जाळी हवा खेळती ठेवते आणि मोकळ्या जागेसाठी माझी पहिली पसंती तिलाच असते. पीव्हीसीचा लेप दिलेले पॉलिएस्टर पाऊसही अडवते, पण त्याखाली वाऱ्याची सोय वेगळी करावी लागते. काचतंतूवर पीटीएफईचा (टेफ्लॉन म्हणून ओळखल्या जाणाऱ्या प्लॅस्टिकचा) लेप दिलेले कापड दीर्घकाळ टिकते आणि त्यावर घाण कमी चिकटते. मात्र ते वारंवार दुमडले तर त्यातले काचतंतू तुटतात, म्हणून गुंडाळायच्या पडद्यासाठी ते घेऊ नये.

आता आकाशाकडे उष्णता फेकणाऱ्या नव्या कापडांबद्दल. वातावरण ८ ते १३ मायक्रोमीटर या पट्ट्यातल्या अवरक्त किरणांना बऱ्यापैकी वाट देते आणि याच वाटेने पृष्ठभागाची उष्णता थेट अवकाशाकडे जाऊ शकते. २०१४ साली स्टॅनफर्ड विद्यापीठातील संशोधकांनी हाफनियम डायऑक्साइड आणि सिलिकॉन डायऑक्साइड यांच्या पातळ थरांचा असा पृष्ठभाग दाखवला, जो थेट उन्हात असूनही भोवतालच्या हवेपेक्षा ४.९ अंश सेल्सिअसने थंड राहिला. २०२१ साली चीनमधील संशोधकांनी टायटॅनियम डायऑक्साइडचे कण मिसळलेल्या तंतूंचे, वरून पीटीएफईचा पातळ थर असलेले कापड सादर केले. ते सुमारे ९२ टक्के ऊन परत फेकते. ही प्रगती मला मनापासून महत्त्वाची वाटते, कारण यात सावली प्रथमच अडवण्यापलीकडे जाते. तथापि अशा कापडाला डोक्यावर मोकळे, निरभ्र आकाश लागते. ढग आणि दमट हवा ती वाट बुजवतात, झाडाखाली किंवा दुसऱ्या छताखाली त्याचा उपयोग होत नाही आणि धुळीचा थर बसला की ते साध्या कापडाच्या पंक्तीला येते. आपली जागा या अटींत बसत नसेल, तर त्यासाठी जास्त खर्च करू नये.

इथे थांबावे आणि जाणकाराला बोलवावे

कापड सैल पडले म्हणून ते स्वतः ओढून घट्ट करण्याचा मोह होतो. जमिनीवर उभे राहून हात पोहोचतो तेवढ्या उंचीवरचा टर्नबकल (दोरीचा ताण कमी-जास्त करणारा फिरकीचा स्क्रू) एखाददुसरा फेरा आवळणे ठीक आहे. त्यापुढे हे काम आपले नाही आणि त्याची कारणे आकड्यांत सांगता येतात. ताशी ७२ किलोमीटर वेगाचा वारा दर चौरस मीटरला सुमारे २५ किलो वजनाएवढा दाब देतो. म्हणजे दहा चौरस मीटरच्या घट्ट विणीच्या कापडावर जवळपास २५० किलोंचा भार येतो, आणि वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की दाब चौपट होतो. सरळ ताणलेल्या दोरीत कोपऱ्यांवर येणारी ओढ याहूनही कितीतरी मोठी असू शकते. झोळात साचलेले पाणी तेवढेच घातक असते: चार चौरस मीटरवर पाच सेंटिमीटर पाणी म्हणजे २०० किलो वजन.

म्हणून पुढीलपैकी काहीही दिसले, तर त्याच क्षणी काम थांबवावे. कापडाचा ताण कठड्याच्या विटांवर, गिलाव्यात ठोकलेल्या हुकावर किंवा गंजलेल्या खांबावर असेल, अँकर बोल्टभोवती (आधार पक्का धरणाऱ्या, बांधकामात रोवलेल्या बोल्टभोवती) भेगा पडल्या असतील, खांब झुकला असेल किंवा कापडात पाणी साचत असेल, तर बांधकाम अभियंत्याकडून आधार तपासून घ्यावेत आणि तोपर्यंत शक्य असल्यास कापड उतरवून ठेवावे. पाणी साचलेल्या कापडाखाली जाऊन ते काठीने ढकलू नये. छताच्या कडेवर, तीव्र उतारावर किंवा सिमेंटच्या पत्र्यावर चढावे लागत असेल, तर उंचीवर काम करण्याचे साहित्य असलेल्या माणसालाच चढवावे. सिमेंटचा पत्रा वरून भक्कम दिसतो आणि पायाखाली अचानक फुटतो. विजेची तार कापडाच्या किंवा चौकटीच्या जवळून जात असेल, तर वीजतंत्रज्ञ येईपर्यंत धातूच्या कोणत्याही भागाला हात लावू नये. धुराडे, जनरेटरचा पाइप किंवा स्वयंपाकघरातील गरम वाफ कापडावर येत असेल, तर ते कापड आजच काढावे, कारण पॉलिएथिलीन पेटते आणि वितळून खाली ठिबकते.

सर्व तपासण्या पार पडल्या, कापडाची खालची बाजू हवेपेक्षा फारशी तापत नाही आणि तरीही खोली बाहेरच्या हवेपेक्षा चार-पाच अंशांनी गरम राहते, अशा स्थितीत उष्णता उघड्या भिंतीतून, उष्णतारोधक थर नसलेल्या छतातून किंवा बंद वायुवीजनामुळे येत असते. हे कापडाने सुटणारे काम नाही. त्यासाठी छताचे इन्सुलेशन करणारा तंत्रज्ञ बोलवावा आणि तो आल्यावर खडूच्या वेळा, दोन्ही तापमापकांचे आकडे आणि टेपवर मोजलेली कापडाची तापमाने असलेली वही त्याच्यासमोर ठेवावी.